साखा (याकूतिया) प्रजासत्ताक

रशियन संघराज्यातील एक घटक प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सु. ३०,८३,५०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ९,९५,००० (२०२१ ची जनगणना). राजधानी याकुत्स्क. एखाद्या देशाचा एवढा मोठा प्रांत जगात दुसरा नाही. रशियाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भूभाग या एकट्या प्रजासत्ताकात मोडतो. महाराष्ट्रासारखी दहा राज्ये त्यात सहज मावतील, पण २०११ साली एकट्या सोलापूर शहरात जेवढी वस्ती होती, साधारण तेवढीच माणसे या साऱ्या मुलखात राहतात. त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक याकुत्स्कमध्येच आहेत.

याकूतिया म्हटले की उणे ५० अंशांचीच चर्चा होते. पण थंडीशी इथल्या माणसांचे, घरांचे आणि यंत्रांचे केव्हाच जमले आहे. घरे खचतात, रस्ते बंद पडतात, गावे पाण्याखाली जातात ती बर्फ वितळताना.

भूरचना

उत्तरेस लाप्तेव्ह आणि पूर्व सायबेरियन समुद्र, पश्चिमेस क्रास्नोयार्स्क, नैर्ऋत्येस इर्कुत्स्क, दक्षिणेस झाबायकाल्ये व आमूर, आग्नेयेस खाबारोव्स्क, पूर्वेस मागादान आणि चुकोत्का असे शेजारी आहेत. ४० टक्क्यांहून अधिक प्रदेश आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला येतो. पूर्वेकडे वेर्खोयान्स्क आणि चेर्स्की या पर्वतरांगा असून चेर्स्कीमधील पोबेदा (३,००३ मी.) हे सर्वोच्च शिखर होय. मध्यभागी लेना आणि विल्यूय नद्यांचे सखल खोरे आहे आणि निम्म्याहून अधिक वस्ती याच भागात आहे.

लेना (सु. ४,४०० किमी.) ही मुख्य नदी. अल्दान, विल्यूय आणि ओल्योक्मा या तिच्या मोठ्या उपनद्या. याना, इंदिगिर्का आणि कोलिमा स्वतंत्रपणे समुद्राला मिळतात. लेना आणि या तिन्ही नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात, आणि त्याचे परिणाम दर वसंतात भोगावे लागतात. त्याबद्दल पुढे येईल. याकुत्स्कच्या वरच्या प्रवाहात लेनेच्या काठी चुनखडीचे उंच सुळके ओळीने उभे आहेत. या ‘लेना स्तंभां’ना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मध्य याकूतियात जंगलाच्या मधोमध गवताळ, बशीसारखे गोल खोलगट भाग दिसतात. त्यांना ‘अलास’ म्हणतात. जमिनीतला बर्फ वितळला, जमीन खाली बसली, तळे झाले, तळे आटले आणि गवत उगवले, असा हजारो वर्षांचा हा क्रम आहे. साखा, म्हणजे याकूत, लोकांची गुरे आणि घोडे याच गवतावर वाढले. जमीन बसण्याची ही क्रिया शेतकऱ्याला कुरण देते, पण घराखाली घडली तर घर पाडते.

हवामान

वेर्खोयान्स्क (१८९२) आणि ओयम्याकोन (१९३३) या दोन्ही ठिकाणी पारा उणे ६७ अंशांच्या खाली गेल्याची नोंद आहे. अर्थात ‘पारा’ हा बोलण्याचा शब्द. खरा पारा उणे ३९ अंशांजवळच गोठतो, म्हणून इथे अल्कोहोलचे तापमापक वापरावे लागतात. उत्तर गोलार्धातील वसलेल्या ठिकाणांपैकी सर्वांत थंड कोणते, यावरून या दोन गावांत जुनी चुरस आहे. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते आर्क्टिकमधील उच्चांक म्हणून मान्य केले. एकाच गावात शंभराहून अधिक अंशांचा फरक!

एवढी थंडी पडण्याची कारणे तीन. समुद्र दूर आहे आणि पॅसिफिककडची हवा पर्वतरांगा अडवतात. हिवाळ्यात सायबेरियावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्रभर निघून जाते. आणि थंड, जड हवा डोंगरांमधल्या खोलगट खोऱ्यांत साचून राहते, म्हणून उतारावर चढले की तापमान वाढते. ओयम्याकोन आणि वेर्खोयान्स्क अशाच खोऱ्यांत आहेत.

याकुत्स्कचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३७–३८ अंशांच्या आसपास, तर जुलैचे १९–२० अंश. वर्षाचा पाऊस आणि हिमवर्षाव मिळून २४० मिमी.च्या जवळपास, म्हणजे माण-खटावपेक्षाही कमी. तरीही दूरवर लार्च वृक्षांचे जंगल पसरले आहे. खालची जमीन गोठलेली असल्याने पाणी मुरून जात नाही. वरच्या थरात अडकून राहते आणि झाडांना मिळते.

उणे ४० च्या खाली शहरावर बर्फाचे धुके उतरते. मोटारींचा धूर, चिमण्यांची वाफ, माणसांचा श्वास यांतील बाष्प जागीच गोठते आणि वारा नसल्याने तिथेच लटकून राहते. काही पावलांवरचे दिसेनासे होते. उणे ४५ च्या सुमारास लहान वर्गांच्या शाळांना सुट्टी मिळते, उणे ५५ च्या जवळ सगळ्यांना. गावागणिक थोडा फरक असतो. मोटारीच्या खिडक्यांना आतून दुसरी काच चिकटवतात, कारण एकेरी काचेवर श्वासाचा बर्फ जमून पुढचे दिसत नाही. गाडी बाहेर ठेवायची तर तिच्यावर गोधडीसारखे जाड पांघरूण घालतात आणि इंजिन अधूनमधून चालू करतात. या पांघरुणाला स्थानिक लोक ‘नताशा’ म्हणतात. साधे डिझेल या थंडीत दाट होऊन फिल्टर तुंबवते, म्हणून आर्क्टिक प्रतीचेच वापरतात.

गोठलेली जमीन

जवळजवळ सगळे प्रजासत्ताक पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवर वसले आहे. तिची खोली किती, याचा पहिला मोठा दाखला याकुत्स्कमध्येच मिळाला. व्यापारी फ्योदोर शेर्गिनने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८२८ ते १८३७ या काळात ११६ मीटर खोल जाऊनही पाणी लागले नाही, सगळी जमीन गोठलेलीच. विहीर पाण्याच्या दृष्टीने वाया गेली, पण आत मोजलेल्या तापमानांमुळे गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. वायव्य भागात हा थर सु. १,५०० मीटरपर्यंत पोचतो. याकुत्स्कच्या पर्माफ्रॉस्ट संशोधन संस्थेत जमिनीखाली प्रयोगशाळा आहे.

उन्हाळ्यात फक्त वरचा एक-दोन मीटरचा थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. गोठताना तो फुगतो, वितळताना बसतो. त्यावर पाया ठेवला तर भिंती दोन-तीन वर्षांत तडकतात. शिवाय घर आतून उबदार, त्यामुळे ते स्वतःच आपल्या खालची जमीन वितळवते. म्हणून बहुमजली इमारती सिमेंटच्या खांबांवर उभ्या करतात. खांबापेक्षा थोडे रुंद, साधारण ८ ते १२ मीटर खोल भोक पाडतात, त्यात वाळू-मातीचा पातळ गारा ओततात, खांब उतरवतात आणि गारा पूर्ण गोठेपर्यंत थांबतात. भार मुख्यतः खांबाच्या टोकावर येत नाही; कडेने गोठून चिकटलेल्या जमिनीची पकड तो पेलते. जमीन उणे पाच अंशांवर असेल तर पकड घट्ट. उणे दोनवर आली तर न वितळताही ती बरीच ढिली होते. खांब जमिनीच्या वर एक-दोन मीटर निघालेले असतात. इमारतीखालच्या या मोकळ्या जागेतून हिवाळ्यातली थंड हवा खेळते आणि जमिनीला पुन्हा थंड करते.

बिघाड बहुतेक वेळा याच मोकळ्या जागेत सुरू होतो. गरम पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी गळते आणि खालची जमीन वितळते. सांडपाण्यातल्या क्षारांमुळे तर ती शून्याच्या खालीही मऊ राहते. कोणी अडगळ ठेवायला ती जागा फळ्यांनी बंद करतो. कोणी रस्त्यावरचा बर्फ लोटून तिच्या तोंडाशी ढीग करतो. हवा खेळायची थांबते आणि बर्फाची दुलई जमिनीतली थंडी भरू देत नाही. खांबाचा वरचा भाग, जिथे दरवर्षी गोठणे-वितळणे चालते, तिथले सिमेंट भुसभुशीत होते. आधी दाराची चौकट तिरपी होते, मग भिंतीत कोपऱ्याकडून कर्णरेषेत भेग येते. उपाय म्हणून जमिनीत उष्णता खेचणाऱ्या बंद नळ्या रोवतात. हिवाळ्यात त्यांतले शीतक खाली उकळून वर येते, थंड हवेत द्रवते आणि परत खाली उतरते. वीज लागत नाही. उन्हाळ्यात त्या आपोआप थांबतात.

याच कारणाने पाण्याच्या, उष्णतेच्या आणि गॅसच्या नळ्या जमिनीत गाडत नाहीत. त्या टेकूंवरून जमिनीच्या वर नेतात आणि फाटकाजवळ कमान करून रस्ता ओलांडवतात. नळ्यांतले पाणी सतत फिरते ठेवावे लागते. बॉयलर काही तास बंद पडला तरी रेडिएटर फुटतात.

जुने घर म्हणजे ‘बालागान’: आत कललेले उभे ओंडके आणि बाहेरून शेण-मातीचा लेप. शेणाने सारवणे आपल्याला परके नाही. इथे मात्र त्याचे काम ऊब धरून ठेवण्याचे. घराजवळच ‘बुलूस’ खणलेला असतो, म्हणजे गोठलेल्या जमिनीतले तळघर. उन्हाळ्यातही त्यात मांस, मासे आणि पिण्याचा बर्फ टिकतो. हो, पिण्याचा बर्फ. नळ नसलेल्या गावांत शरदात तळ्यावर पुरेसा जाड थर झाला की तो करवतीने चौकोनी ठोकळ्यांत कापतात, अंगणात उभा रचतात आणि लागेल तसा घरात आणून वितळवतात. पाणी गोठताना क्षार खाली राहतात, म्हणून हे पाणी तळ्याच्या पाण्याहून गोड लागते.

नद्या, रस्ते आणि बर्फ

इथला रस्त्यांचा हंगाम हिवाळ्याचा. डिसेंबर ते एप्रिल गोठलेल्या नद्या आणि दलदलींवरून ‘झिम्निक’ म्हणजे हिवाळी रस्ते चालतात. साधारण ३० सेंमी. बर्फावर हलकी मोटार जाते. ३० टनांच्या ट्रकसाठी मीटरभर जाडी लागते. बर्फ जाड करण्यासाठी वरचे हिम सतत साफ करतात, कारण हिमाखाली बर्फ वाढत नाही, आणि भोके पाडून वर पाणी ओतून थरावर थर गोठवतात. धोका दोन्हीकडून असतो. वेगाने गेले तर गाडीच्या पुढे बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि काठाजवळ बर्फ फुटतो. एकाच जागी थांबून राहिले तर बर्फ हळूहळू वाकत जातो. म्हणून ठरावीक संथ वेग, दोन गाड्यांत अंतर आणि बर्फावर सीटबेल्ट सोडलेला.

याकुत्स्क लेनेच्या डाव्या काठावर आहे, तर रेल्वे उजव्या काठावरच्या निझ्नी बेस्त्याखपर्यंत येते. तेथे २०१९ पासून प्रवासी गाड्या धावतात. मध्ये पूल नाही. त्याचे काम हाती घेतलेले आहे. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फाचा रस्ता. शरदात आणि वसंतात काही आठवडे दोन्ही नसतात. तेव्हा हवेच्या गादीवर चालणाऱ्या होड्यांवर विसंबावे लागते आणि बाजारात भाजीचे भाव चढतात.

मे महिन्यात लेना फुटते. दक्षिणेकडचा वरचा प्रवाह आधी मोकळा होतो, उत्तरेकडचा अजून गोठलेला असतो. वरून वाहत आलेले बर्फाचे तुकडे खालच्या अखंड बर्फाला अडतात, बांध तयार होतो आणि पाणी मागे चढते. मे २००१ मध्ये लेन्स्क येथे पाणी जवळपास २० मीटरपर्यंत चढले आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. बर्फाचे बांध फोडण्यासाठी लढाऊ विमानांनी बाँब टाकले होते. आता धोक्याच्या वळणांवर आधीच बर्फ करवतीने कापतात, किंवा त्यावर कोळशाची पूड पसरून तो लवकर वितळेल असे पाहतात.

उत्तरेकडच्या गावांना कोळसा, डिझेल आणि धान्य पोचवण्याच्या मोहिमेला ‘उत्तरी पुरवठा’ म्हणतात. माल लेनेवरून तिक्सी बंदराकडे, समुद्रमार्गे याना, इंदिगिर्का किंवा कोलिमाच्या मुखाशी, तेथे उथळ पाण्याच्या बार्जवर, आणि शेवटी हिवाळी रस्त्याने गावात, असा प्रवास करतो. नदी एका उन्हाळ्यात उथळ राहिली तर माल वाटेतच अडकून पुढच्या वर्षावर जातो. या पुरवठ्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला.

हिरे

१९५४ मध्ये भूशास्त्रज्ञ लारिसा पोपुगायेवा यांना ‘झार्नित्सा’ हा पहिला हिरेधारी खडक सापडला. पुढच्याच वर्षी मिर आणि उदाच्नाया हे तसेच खडक सापडले आणि मिर्नी हे शहर वसले. मिर येथील उघडी खाण ५२५ मीटर खोल आहे. हिरे काढणाऱ्या अल्रोसा कंपनीत केंद्राचा ३३, प्रजासत्ताकाचा २५ आणि आठ उलूसांचा (जिल्ह्यांसारख्या विभागांचा) मिळून ८ टक्के वाटा आहे. म्हणजे हिऱ्याचा भाव पडला की थेट उलूसांच्या अंदाजपत्रकाला झळ लागते. इथले कच्चे हिरे मोठ्या प्रमाणावर सुरतेत पैलू पाडण्यासाठी येतात आणि त्यांचा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून चालतो. २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर, तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्यांवरही, बंदी आणल्याने मुंबईच्या व्यापाऱ्यांना मालाचे मूळ सिद्ध करावे लागते. हिऱ्यांखेरीज नेर्युंग्रीचा कोळसा, अल्दानचे सोने आणि चायांदाचा गॅस ही मोठी उत्पन्ने.

राज्यकारभार

रशियन कोसॅकांनी १६३२ मध्ये लेनेकाठी ठाणे उभारले, तेच पुढे याकुत्स्क झाले. २७ एप्रिल १९२२ रोजी याकूत स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापन झाले. हा दिवस प्रजासत्ताक दिन म्हणून पाळतात. सध्याची राज्यघटना ४ एप्रिल १९९२ ची. प्रमुखाला साखा भाषेत ‘इल दारखान’ म्हणतात. पूर्वी हे पद राष्ट्राध्यक्ष नावाने होते, पण केंद्राच्या कायद्यामुळे ते नाव सोडावे लागले. २०१८ पासून आयसेन निकोलायेव या पदावर आहेत. विधिमंडळ ‘इल तुमेन’ ७० सदस्यांचे आहे. प्रजासत्ताकाला स्वतःचे घटनात्मक न्यायालयही होते. रशियातील साऱ्या घटकांची अशी न्यायालये २०२३ पर्यंत बंद करण्यात आली. कागदावर प्रजासत्ताक, पण अधिकारांची दिशा गेल्या तीन दशकांत मॉस्कोकडेच वळत आली आहे.

खाली ३४ ‘उलूस’, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आणि त्यांखाली ग्रामीण ‘नासलेग’. एकेक उलूस भारतातल्या एखाद्या राज्याएवढा मोठा असू शकतो. साखा (तुर्की कुळातील) आणि रशियन या राज्यभाषा. एवेंकी, एवेन, युकागीर, डोल्गान आणि चुक्ची यांना त्यांच्या वस्तीच्या भागात अधिकृत दर्जा आहे. घड्याळे तीन: याकुत्स्क भारताच्या साडेतीन तास पुढे, ओयम्याकोन साडेचार, कोलिमाकाठ साडेपाच.

२०१८ मध्ये प्रजासत्ताकाने गोठलेल्या जमिनीच्या संरक्षणाचा कायदा केला; रशियात अशा प्रकारचा तो पहिलाच. जमिनीच्या तापमानावर लक्ष ठेवणे हे त्याने सरकारचे काम ठरवले. यासाठी विहिरीसारख्या अरुंद भोकांत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक सोडलेले असतात. सु. दहा मीटर खोलीवरचा आकडा महत्त्वाचा मानतात, कारण तिथे ऋतूंचा चढउतार फारसा पोचत नाही; तिथे तापमान चढले तर ते हवामानाचे किंवा वर उभ्या असलेल्या इमारतीचे काम.