गोव्याची मीटरगेज: रूळ गेले, पट्टी राहिली

गोव्यात बंद पडलेली रेल्वे शोधायला निघालं तर पदरी निराशाच येते. रानात गडप झालेला फलाट, वेलींनी वेढलेलं इंजिन, असलं काही इथं भेटत नाही. मुरगाव बंदर ते घाटमाथ्यावरचं, कर्नाटकातलं कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८०च्या दशकात घातला गेला आणि आजही त्यावरून गाड्या जातात. संपली ती त्यावरची मीटरगेज, म्हणजे एकमेकांपासून एकाच मीटरवरचे ते अरुंद रूळ, आणि ती घालणारी कंपनी. त्या जुन्या रेल्वेचा सगळ्यांत मोठा अवशेष म्हणजे तिच्यासाठी घेतलेली जमिनीची लांबच लांब पट्टी. आजचे वाद या पट्टीवरूनच आहेत, म्हणून ती आली कुठून ते पाहायला हवं.

सुरुवात मिठागरांपासून करावी लागते. डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठवायची आणि मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडायचं, हा त्यातला आकर्षक भाग. दुसरा भाग असा, की गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवर ब्रिटिशांचा ताबा आला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळणार होते. पण रेल्वे बांधायला पुढे आलेल्या लंडनच्या कंपनीला पोर्तुगालने भांडवलावर व्याजाची हमी दिली होती. 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' या लांबलचक नावातलं 'गॅरंटीड' ते हेच. मिठाचे ४ लाख या हमीला तारण लागले. म्हणजे इथल्या मिठागरवाल्याच्या तोंडचा घास लंडनच्या भागधारकाच्या ताटात. १८९२ मध्ये करार संपला, जकात नाके परत आले. रेल्वे मात्र तोवर घालून झाली होती.

पहिला टप्पा, मुरगाव ते सावर्डे, १८८७ मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षी घाट पार करून रूळ कॅसलरॉकला भिडले आणि सदर्न मराठा रेल्वेला जोडले गेले. सपाटीवरचं काम तसं सोपं होतं. खरी परीक्षा कुळ्याच्या पुढे. तिथून वर सुमारे २५ किलोमीटर ब्रागांझा घाट: एकामागून एक बोगदे, मधे दूधसागरचा पूल, आणि चढ असा की साधारण दर ४० मीटरला एक मीटर वर. मागून धक्का देणाऱ्या जादा इंजिनांशिवाय गाडी चढत नाही. वाफेच्या काळात चढत नव्हती, आज विजेच्या काळातही नाही. एवढा खर्च करून धंदा मात्र बेताचाच झाला. धारवाडकडचा कापूस मुरगावला ओतला जाईल ही अपेक्षा फोल ठरली आणि १९०२ मध्ये चालवण्याचं काम सदर्न मराठाकडे गेलं. बंदरही रेल्वेच्याच हाती होतं, तेही पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत. मुरगाव पोर्ट ट्रस्ट आला १९६४ मध्ये.

हा मार्ग एकदा खरोखर तुटला होता, याची आठवण आता फारशी कुणाला नसते. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या घातल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि घाटातली वाहतूक थांबली. बेळगाव-हुबळीशी ज्यांचे सोयरसंबंध आणि धंदे होते त्यांची वाट बंद झाली. गाडी गोव्यातल्या गोव्यात, कुळ्यापर्यंत. दाबोळीचा विमानतळ त्या काळातल्या भारताच्या नाकेबंदीतूनच, १९५५ मध्ये, उभा राहिला. आज पर्यटक तिथे उतरतात तेव्हा ही धावपट्टी नाकेबंदीचं अपत्य आहे हे त्यांच्या गावीही नसतं. मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, घाट पुन्हा सुरू झाला.

पुढची तीसेक वर्षं म्हणजे मीटरगेजचा तो काळ, ज्याबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली, पुढे गोव्यापर्यंत मीटरगेजच राहिली आणि मुंबईहून गोव्याला रेल्वेने येणाऱ्याला मिरजेला गाडी बदलणं आलं. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि दुसऱ्या फलाटावरच्या अरुंद डब्यात धावत जाऊन जागा धरायची. माणसं निदान चालत जात. माल मात्र एका वाघिणीतून दुसरीत उतरवावा लागे. १९९०च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मिरजेची दगदग संपली.

या बदलात नवा मार्ग शेजारून घातला नाही; बहुतेक ठिकाणी जुन्याच भरावावर नवे रूळ आले. त्यामुळे अवशेष उरले ते कडेकडेला. मडगावला कोकण रेल्वेसाठी नवं मोठं स्टेशन झालं आणि कोंबचं आधीचं स्टेशन 'जुनं स्टेशन' झालं. तिथून गाडी पकडत नाहीत, पण पत्ता सांगायला ते अजून कामी येतं. बंदरावर पूर्वी प्रवासी उतरत. आता त्यांची गाडी वास्कोलाच संपते आणि पुढचे रूळ मालगाड्यांचे. घाटातली सोनावळी, दूधसागर, कारांझोळ ही स्थानकं प्रवाशांसाठी जवळपास नसल्यासारखीच, तरी रेल्वेला ती हवीच असतात: गाड्यांचं क्रॉसिंग तिथे होतं आणि उतारावरून आलेल्या मालगाडीचे ब्रेक तिथे तपासले जातात. दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याचं फॅड मधे इतकं वाढलं, की २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वे पोलिसांनी पकडलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या. शिक्षा शाळकरी होती खरी, पण त्या बोगद्यांत गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते.

आता पट्टीचा वाद. मुरगावला उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे याच घाटाने वर जातो, आणि एकेरी मार्ग दुहेरी करण्याच्या योजनेला गोव्यात विरोध झाला तो त्यामुळेच. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांजवळ ठाण मांडून बसले. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. जंगलाबाहेर काम चालू राहिलं, आणि वेळसाव, आरोशी, कासावली या पट्ट्यात ते थेट लोकांच्या अंगणाशी आलं. इथली घरं रुळांना इतकी लागून आहेत की दुसरा रूळ म्हणजे काहींच्या दारासमोरचीच वाट. काम आपल्याच हद्दीत चाललंय, असं रेल्वे म्हणते. रेल्वेची हद्द एवढी रुंद कधी नव्हतीच, असं गावकरी म्हणतात. लंडनच्या त्या कंपनीला गावोगावची जमीन नेमकी किती आणि कोणत्या अटींवर मिळाली होती, हे कागद आता अभ्यासकांपुरते राहिलेले नाहीत.