वेदीचे सरपण आणि अव महिन्याची पंधरा तारीख

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासहून पाच लाल कालवडी विमानाने इस्रायलला आणल्या गेल्या. प्राचीन ज्यू शुद्धिविधीत अशी कालवड जाळून तिची राख वापरत. तेव्हापासून जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराविषयीच्या व्हिडिओंना ऊत आला आहे. त्यांत कालवडीचा रंग, सोन्याची भांडी, याजकांचे झगे आणि जगबुडीची भाकिते भरपूर असतात. पण त्या मंदिरातल्या वेदीवर शतकानुशतके रोज जी आग पेटत होती, तिला सुके सरपण कोण पुरवत होते, हे कोणी विचारत नाही. खरे तर सगळी उपासना त्या सरपणावर उभी होती. आणि ते पुरवणाऱ्या माणसांना लाकूड, पाणी आणि ऊन यांचे गणित पक्के ठाऊक होते.

बायबलमधल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा साधी आहे : वेदीवरचा अग्नी सतत जळत राहावा, विझू नये, आणि याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचावीत. रचण्याचा मान याजकाचा. पण झाड तोडणे, फांद्या छाटणे, ओंडके फोडणे, ओझी वाहून आणणे हे सगळे त्याच्या आधीचे. ‘यहोशवा’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात हे काम गिबोन या नगरातल्या लोकांवर सोपवलेले आहे. लाकडे फोडायची आणि पाणी भरायचे, समाजासाठीही आणि वेदीसाठीही. मंदिरातल्या हलक्या कामांसाठी नेमलेल्या ‘नथीनीम’ नावाच्या सेवकवर्गाला पुढच्या ज्यू परंपरेने याच गिबोनकरांचे वंशज मानले. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी ‘एज्रा’ ग्रंथात आहे. तिच्यात नथीनीम आणि शलमोन राजाच्या सेवकांचे वंशज मिळून ३९२ जण मोजले आहेत, तर मंदिरसेवेचे वंशपरंपरागत मानकरी असलेले लेवी अवघे ७४. त्या काळी सेवकांची किती गरज होती हे त्यावरून कळते. तरीही मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहाच्या विवाहनियमांत नथीनीम कुळाशी सोयरीक निषिद्धच राहिली. हा अन्याय नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

बंदिवासातून परतल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिराच्या काळात सरपणाची जबाबदारी वाटून देण्यात आली. ‘नहेम्या’ ग्रंथात चिठ्ठ्या टाकून घराणी ठरवल्याची नोंद आहे, आणि मिश्नाच्या ‘तानीत’ या प्रकरणात लाकडे आणण्याचे वर्षातले नऊ दिवस दिले आहेत. त्या नऊपैकी पाच दिवस एकट्या अव महिन्यात येतात : ५, ७, १०, १५ आणि २० तारखेला. अव हा ज्यू पंचांगातला महिना, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्ट. कोकणातल्या बेने इस्रायल समाजात ज्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणतात, तो मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास याच महिन्याच्या ९ तारखेचा. त्यानंतर सहा दिवसांनी येणारी १५ तारीख सर्वांसाठी खुली होती. आपला वंश कोणता हे ज्यांना सांगता येत नसे, त्यांनीही त्या दिवशी मोळी आणावी, असे मिश्ना सांगते.

त्याच १५ तारखेबद्दल तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, एक वाक्य आहे, आणि या लेखाचा सगळा जीव त्या वाक्यात आहे. रब्बी (धर्मपंडित) एलिएझर म्हणतात : अव महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून उन्हाचा जोर ओसरतो, म्हणून त्यानंतर वेदीसाठी लाकूड तोडत नसत, कारण ते सुकत नाही. हा दिवस कुऱ्हाड मोडण्याचा दिवस म्हणूनही ओळखला जाई.

आता लाकूड सुकते म्हणजे काय होते ते पाहू. झाड तोडल्या क्षणी त्याच्या वजनाचा निम्मा भाग पाणी असू शकतो. हे पाणी दोन ठिकाणी असते. एक, पेशींच्या पोकळ नळ्यांमध्ये मोकळे भरलेले. दुसरे, पेशींच्या भिंतींमधल्या सेल्युलोजला रासायनिक ओढीने चिकटलेले. मोकळे पाणी आधी आणि तुलनेने झटपट निघून जाते. ते संपले तेव्हा लाकडात कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरलेले असते. या टप्प्याला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. इथून पुढे काम रेंगाळते. भिंतीला धरून बसलेला पाण्याचा एकेक रेणू सुटून, लाकडाच्या आतून पृष्ठभागापर्यंत झिरपत यावा लागतो.

या झिरपण्याचा एक कठोर नियम आहे : लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. त्यातही रेषांच्या दिशेने, म्हणजे ओंडक्याच्या लांबीकडून, ओलावा आडव्या दिशेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही वेगाने सरकतो. म्हणून चुलीत ओले लाकूड घातले की फेस आणि चर्र आवाज कापलेल्या टोकातून येतो, सालीतून नव्हे. साल तर पाणी अडवण्यासाठीच असते. न फोडलेला, सालीसकट पडलेला जाड ओंडका अख्खा उन्हाळा आतून ओलाच राहू शकतो. आखूड तोडून उभे फोडले की एकाच घावात तीन गोष्टी साधतात : टोके जवळ येतात, जाडी घटते आणि सालीचे कवच फुटते. लाकूडतोड्याची कुऱ्हाड सुकण्याचे घड्याळ पुढे सरकवते ते असे.

पण लाकूड कितीही दिवस ठेवले तरी ते शून्यावर येत नाही. भोवतालच्या हवेशी त्याचा तोल जमतो तिथे ते थांबते. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर हा तोल नऊ टक्क्यांच्या आसपास जमतो. आर्द्रता ९० टक्के असेल तर वीस टक्क्यांच्या जवळ. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच आणि दुपारची हवा कोरडी असते. महाराष्ट्रात ऐन पावसाळ्याचे ते महिने तिथे सरपण वाळवायचे महिने आहेत. दुपारचा सूर्य जूनच्या अखेरीस क्षितिजापासून ८२ अंशांजवळ असतो, ऑगस्टच्या मध्यावर ७२ अंशांजवळ, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर जेमतेम ५० अंशांवर. पावसाची मागणी करणारी प्रार्थना मिश्नाप्रमाणे हेश्वान (ऑक्टोबर-नोव्हेंबर) महिन्याच्या ७ तारखेपासून सुरू होते. १५ अवपासून तिथवर मोजले तर ८१ दिवस भरतात. म्हणजे शेवटच्या दिवशी तोडलेल्या लाकडाला पावसाआधी जेमतेम अडीच-पावणेतीन महिने मिळत, आणि तेही उतरत्या उन्हाचे. फोडलेल्या फांद्यांना एवढे पुरते. त्यानंतर तोडलेले लाकूड मोकळे पाणी टाकते, पण भिंतीतले पाणी घेऊनच हिवाळ्यात शिरते. दोन हजार वर्षांपूर्वी तापमापकही नसताना ही सीमारेषा इतकी नेमकी आखली गेली, याचे मला फार अप्रूप वाटते.

इथे एक भाबडी समजूत बाजूला करायला हवी. चांद्र महिन्याची पंधरावी म्हणजे पौर्णिमा, त्यामुळे या नियमाचा चंद्राशी संबंध जोडायचा मोह होतो. अमुक पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असे आपल्याकडेही सांगतात. चंद्राच्या कलेने लाकूड टिकते याला ठोस पुरावा नाही. कीड येते ती लाकडातल्या स्टार्चसाठी आणि ओलाव्यासाठी, आणि ते दोन्ही ऋतूप्रमाणे बदलतात. तालमूदनेही कारण उन्हाचेच दिले आहे.

ओल्या लाकडाने नेमके बिघडते काय? लोकांना वाटते, पाण्याची वाफ करण्यातच सगळी उष्णता जाते. हिशेब करू. दहा किलोच्या ओल्या लाकडात पाच किलो पाणी धरा. उरलेले पाच किलो कोरडे लाकूड सुमारे ९० मेगाज्यूल उष्णता देते. पाच किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे १३ मेगाज्यूल लागतात. म्हणजे सातवा हिस्सा गेला. तोटा आहे, पण सर्वनाश नाही. खरी गोम तापमानात आहे. लाकडाच्या एखाद्या भागात पाणी आहे तोवर तो भाग १०० अंशांच्या फार वर जात नाही. लाकूड विघटित होऊन जळाऊ वायू सोडते ते साधारण २०० अंशांच्या पुढे, आणि ते वायू धूर न करता पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपासची ज्वाला आणि भरपूर हवा लागते. ओल्या ओंडक्याच्या कडेला विघटन सुरू झालेले असते, पण आतली वाफ बाहेर येऊन ज्वाला थंड करते. डांबरी वायू अर्धवट जळून धूर होतात. वेदीपाशी उभ्या असलेल्या अनवाणी याजकाच्या डोळ्यांत जातो तो हाच धूर.

शिवाय वजनाचा प्रश्न आहे. वेदीचा माथा जमिनीपासून नऊ हात उंच, आणि त्यावर चढायला ३२ हात लांबीचा उतार. हात म्हणजे अंदाजे अर्धा मीटर. वजनाच्या १५ टक्के पाणी उरलेले दहा किलो सुके लाकूड वर नेले तर वाफेचा खर्च वजा जाता सुमारे १४९ मेगाज्यूल मिळतात, ओले नेले तर ७७. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट आग.

आणलेले लाकूड तसेच वर जात नसे. स्त्रियांच्या अंगणाच्या चार कोपऱ्यांत चाळीस हात लांब-रुंद अशी चार दालने होती, त्यांपैकी ईशान्येचे लाकडांचे. तिथे शारीरिक व्यंग असलेले याजक बसून कीड लागलेली लाकडे बाजूला काढत. व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाण्याची मनाई होती, मात्र पवित्र अन्नातला वाटा त्याला मिळे. म्हणजे ज्यांना आग पेटवता येत नव्हती, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही काटकी आगीपर्यंत पोहोचत नव्हती. हे काम नजरेचे आणि बोटांचे आहे. सालीखाली वळवळणाऱ्या जाड अळ्या बहुधा लांब मिशांच्या भुंग्यांच्या असतात. हे भुंगे ताज्या तोडलेल्या, साल न काढलेल्या लाकडावर अंडी घालतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि त्यांतून पडणारी पिठासारखी भुकटी दिसली, तर ती सुक्या लाकडात राहणारी भुंगेऱ्यांची दुसरी जात. तालमूदमधला श्मुएल या धर्मपंडिताचा निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे : कीड लागलेले लाकूड बाद ते ओले असेल तरच, सुके असेल तर किडका भाग तासून टाकावा आणि उरलेले वापरावे. ओल्या लाकडात अळी कुठवर शिरली आहे ते समजत नाही आणि ती पुढे खातच राहते. सुक्यातली पोखरण बहुधा बाहेरच्या थरात असते, तो थर तासता येतो. श्मुएलने कारण दिलेले नाही, पण जीवशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

कोणते लाकूड चाले? ऑलिव्ह आणि द्राक्षवेल सोडून सगळी. प्रत्यक्षात अंजीर, अक्रोड आणि राळेची झाडे जास्त वापरत. ऑलिव्ह व द्राक्ष का नको, यावर तालमूदमध्ये दोन मते आहेत : एक म्हणते त्यांत गाठी असतात, दुसरे म्हणते देशाची फळझाडे राखायला हवीत. दुसरे मत मला जास्त पटते, कारण सुके ऑलिव्ह जळायला उत्तम असते. धूपासाठीच्या निखाऱ्यांची वेगळी चिता रचत, आणि तिच्यासाठी अंजिराची चांगली लाकडे निवडून घेत.

रचनेतही हवेचा विचार होता. ओंडक्यांमध्ये मुद्दाम फट ठेवून तिथून बारीक काटक्यांनी आग लावत. लाल कालवडीच्या चितेचे वर्णन तर आणखी बोलके आहे : देवदार, पाइन, सुरू आणि अंजिराचे गुळगुळीत लाकूड, मनोऱ्यासारखे रचलेले, आणि त्यात ‘खिडक्या’ ठेवलेल्या. खालून थंड हवा आत, वरून गरम वायू बाहेर. उंच चितेला खिडक्या नसतील तर मधला भाग नुसता कोळसा होऊन घुसमटतो. राख काढणे हे सकाळचे पहिले काम. त्यासाठी तरुण याजक उतारावरून शर्यत लावत. एकदा एकाने दुसऱ्याला ढकलले, पाय मोडला, आणि तेव्हापासून चिठ्ठ्या टाकायची पद्धत आली.

आता एक अडचण. मिश्नाच म्हणते की त्या चार दालनांना छप्पर नव्हते. जेरुसलेममध्ये वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा हिवाळ्यात. मग उन्हाळाभर सुकवलेले लाकूड भिजून फुकट जात नसेल का? नाही, कारण पावसाचे पाणी आणि झाडाचे पाणी यांत फरक आहे. जाडीच्या वर्गाचा नियम इथे उलट्या दिशेने मदतीला येतो. सुकलेल्या लाकडावर पावसाची सर पडली तर ओलावा वरच्या काही मिलिमीटरांत राहतो आणि दोन-चार कोरड्या दिवसांत उडून जातो. गाभ्यापर्यंत पोहोचायला त्याला आठवडे लागतात. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याच्या गाभ्यात मात्र पाणी आधीच बसलेले असते. म्हणून छपरापेक्षा तोडीची तारीख महत्त्वाची. नऊ दिवसांतला शेवटचा दिवस तेबेत महिन्याची १ तारीख, म्हणजे ऐन हिवाळा. त्या दिवशी सरपणाची जबाबदारी असलेले परोश नावाचे घराणे वर्षात दुसऱ्यांदा सरपण आणी. नियम पाळला असेल तर ते लाकूड तोडून चार महिन्यांहून अधिक काळ लोटलेला असे, आणि वाटेत पावसाने वरून भिजले तरी आतून ते सुकेच असे.