लूनच्या पायातल्या चार रिंगा

कॉमन लून हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर वीण करणारा पक्षी. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे आणि मिनेसोटाचा तो राज्यपक्षी आहे. काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटी, लालभडक डोळे, खंजिरासारखी चोच. आपल्याकडे तो येत नाही, म्हणून अंदाजासाठी सांगायचं तर बुडी मारण्याची लकब टिबुकलीची आणि वजन 3 ते 6 किलो. नर-मादी दिसायला सारखे, आणि या तळ्यावरचा नर त्या तळ्यावरच्या नरासारखाच. दर वसंतात त्याच तळ्यावर दोन लून दिसायचे, त्यामुळे ही जोडी जन्मभराची, असं लोक धरून चालले होते.

पायात ओळखीच्या रिंगा पडल्यावर ही समजूत गळून पडली. लूनचे अभ्यासक वॉल्टर पायपर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून विस्कॉन्सिनच्या ओनायडा काउंटीत रिंग घातलेले लून पाहत आले आहेत. लूनची निष्ठा जोडीदारापेक्षा तळ्याशी असते, असं त्यातून दिसलं. बाहेरून आलेला नर लढाई जिंकला तर तळं त्याचं होतं, आणि तिथली मादी बहुधा त्याच्याबरोबर संसार मांडते. नरांमधल्या अशा ताबेबदलात सुमारे 30 टक्के वेळा हरलेला नर जिवानिशी जातो. मिशिगनच्या सेनी अभयारण्यात 1987 मध्ये पिल्लू असताना रिंग घातलेला एक नर आणि 1990 मध्ये रिंग घातलेली एक मादी सुमारे 25 हंगाम एकत्र राहिले, आणि शेवटी तेही वेगळे झाले. रिंगा नसत्या तर यातलं काहीच कळलं नसतं.

पण लूनला पकडायचं कसं? दिवसा बोट जवळ गेली की तो बुडी मारतो आणि भलत्याच ठिकाणी वर येतो. 1980 च्या दशकाअखेरीस लूनचे अभ्यासक डेव्हिड एव्हर्स यांनी सेनीमध्ये रात्रीची पद्धत बसवली आणि आजही मुख्यतः तीच वापरतात. काम जुलै-ऑगस्टमध्ये चालतं, कारण तेव्हा जोडीसोबत पिल्लं असतात. पिल्लांना सोडून मोठे लून दूर जात नाहीत. ज्यांची वीण फसली ते लून म्हणूनच हाती लागणं कठीण.

बोट लहान लागते आणि तीन-चार माणसं पुरतात. एक बोट हाकतो, एक प्रखर झोताचा दिवा धरतो आणि पुढे नाकाशी जाळीवाला बसतो. जाळी म्हणजे मोठे मासे बोटीत घ्यायची लांब दांड्याची जाळी. रात्र अंधारी हवी. चांदणं असलं की दिव्यामागची बोट आणि माणसं पक्ष्याला दिसतात. वारा सुटला असेल तर जाऊच नये, लाटांवर झोत स्थिर राहत नाही. अंधारात झोत थेट पक्ष्याच्या डोळ्यांवर धरला की त्याला मागचं काही दिसत नाही. लूनचे आणि पिल्लांचे आवाज काढले की मोठे पक्षी पाण्यावर राहतात, कधी बोटीकडे सरकतात. बोट हळू पुढे जाते आणि जाळी पक्ष्याच्या पुढून, पाण्याखालून उचलली जाते.

सगळ्यात जास्त चुका दिवा धरणाऱ्याच्या हातून होतात. झोत क्षणभर जरी ढळला, तरी पक्ष्याला बोट दिसते आणि तो बुडी मारतो. तो पाण्याखाली असताना घाईने दिवा फिरवायचा नसतो, कुठे वर येतो याची वाट पाहायची. दोन-तीनदा हुकलेला पक्षी त्या रात्री सोडून द्यावा. त्याला पळवत राहिलं की कुटुंब पांगतं, आणि पिल्लू एकटं पडणं ही रिंग न पडण्यापेक्षा मोठी हानी.

पक्षी बोटीत आला की लगेच डोक्यावरून टॉवेल घालतात. डोळे झाकले की तो बराच शांत होतो, पण चोच मोकळी राहता कामा नये. ती माणसाच्या डोळ्यांवर चालून येते, म्हणून पक्षी धरणाऱ्याने संरक्षक चष्मा घालायचाच. पंख अंगाशी दाबून पक्षी मांडीवर धरतात. लूनचा पाय बाजूंनी चपटा, पात्यासारखा असतो. त्यावर सरकारी क्रमांकाची एक धातूची रिंग आणि प्लॅस्टिकच्या रंगीत रिंगा घालतात, सहसा दर पायात दोन. धातूची टोकं नेमकी जुळली पाहिजेत. एकावर एक चढली तर कातडीत रुततात, फट राहिली तर गळाची दोरी अडकते. प्लॅस्टिकच्या रिंगेची कड नीट चिकटली नाही तर ती काही हंगामांत गळून पडते आणि तो पक्षी कागदावर अर्धवट उरतो.

मग पायाच्या शिरेतून थोडं रक्त आणि पंखाच्या पिसाचा तुकडा घेतात. रक्तातला पारा सांगतो की या तळ्यातल्या माशांत सध्या किती पारा आहे. पिसातला पारा सांगतो की पीस वाढत होतं तेव्हा शरीरात किती होता. उडायची पिसं लून हिवाळ्याच्या अखेरीस समुद्रावर असताना बदलतो. शेवटी आईबाप आणि पिल्लं शक्यतो एकत्र, पाण्यावरच सोडतात.

पक्ष्याला हात लावणं परवान्याचं काम आहे. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे अमेरिकेत परवानाधारकाच्या देखरेखीशिवाय लून पकडता येत नाही. स्वयंसेवक रात्री नोंदी लिहितो, दिवा धरतो, शिकवल्यावर पक्षी धरतो. त्याची खरी मदत मात्र दिवसाची, तळ्याकाठची असते. कुटुंब संध्याकाळी कुठे असतं, पिल्लं किती, त्यांचं वय किती, हे आधी कळलं नाही तर अंधारात अख्खं तळं धुंडाळावं लागतं. फार लहान पिल्लाला रिंग घालत नाहीत, त्याचा पाय पुरेसा वाढलेला हवा. मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा मेनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे काम कयाक आणि दुर्बिणीवर सहज जमेल.

रिंगा वाचायला धीर लागतो. पाय पाण्याखाली असतात. लून पिसं साफ करताना कुशीवर वळतो आणि एक पाय हवेत झटकतो, तेवढा क्षण पकडायचा. डावा-उजवा पक्ष्याचा, आपला नव्हे. नोंद शब्दांत करावी: डावा पाय, वर लाल, खाली हिरवी, उजवा पाय, वर निळी, खाली धातूची. संध्याकाळच्या उजेडात नारिंगी लाल वाटते आणि पांढरी धातूची वाटते. शंका असेल तर तसंच लिहावं. अंदाजाने भरलेला रंग जिवंत पक्ष्याला मेलेला किंवा मेलेल्याला जिवंत ठरवू शकतो. "एकच पाय दिसला" ही नोंदही उपयोगी पडते.

मेलेला लून सापडला तर रिंगेचा क्रमांक, जागा आणि तारीख बँडिंग कार्यालयाला, म्हणजे रिंगांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावी आणि पक्षी कुठे द्यायचा ते त्यांनाच विचारावं. पोट तपासणं महत्त्वाचं असतं. अन्न दळायला लून खडे गिळतो, आणि त्यांत किंवा माशासोबत गळाचं शिशाचं वजन पोटात गेलं तर एवढासा तुकडाही काही आठवड्यांत त्याचा जीव घेतो.