चंद्र सेकंदाला किती पडतो?

नारळी पौर्णिमा जवळ आली की किनारपट्टीवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज हटकून फिरतो: चंद्र पृथ्वीच्या जवळ आलाय, समुद्र गावात शिरणार, पुढे पाठवा. चंद्र जवळ येतो हे खरंच आहे, पण तो दर महिन्याला येतो. त्याची कक्षा किंचित लांबट असल्यामुळे तो कधी सुमारे ३,६०,००० किलोमीटरवर असतो, कधी ४,०५,००० वर.

पृथ्वी त्याला सतत ओढते, मग तो पडत का नाही? ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हे उत्तर अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. अवकाशस्थानकात तरंगणारे अंतराळवीर बघून ते आणखी पक्कं होतं. प्रत्यक्षात ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. अंतराळवीरही पडतात आणि चंद्रही पडतो. किती, ते घरबसल्या काढता येतं.

माडावरून सुटलेला नारळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. तो पृथ्वीच्या केंद्रापासून एक त्रिज्या अंतरावर आहे, चंद्र साधारण साठ त्रिज्या. अंतर साठपट झालं की ओढ साठाच्या वर्गाने, म्हणजे ३,६०० पटीने घटते. ४.९ मीटरला ३,६०० ने भागलं की येतात १.३६ मिलिमीटर.

आता नारळ बाजूला ठेवा आणि नुसता चंद्राचा रस्ता बघा. चंद्र सेकंदाला १.०२२ किलोमीटर आडवा जातो. ओढ नसती तर सरळ रेषेत निघून गेला असता. ३,८४,४०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर टिकायचं, तर त्या रेषेपासून एका सेकंदात किती आत वळावं लागेल? आडव्या अंतराचा वर्ग करायचा, त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. कागद-पेन्सिल घेऊन कराच. पुन्हा १.३६ मिलिमीटर! एक आकडा माडाखालचा, दुसरा आभाळातला, आणि दोन्ही एकच. न्यूटनने हा मेळ घालून १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडला. मला तरी यापेक्षा देखणं गणित माहीत नाही.

जवळ आलेला चंद्र पुन्हा लांब का जातो, हे लांबट कक्षेचं कोडंही यातच सुटतं. आत येताना चंद्राचा वेग वाढतो आणि तोच वाढलेला वेग त्याला पुन्हा बाहेर नेतो.

चंद्र जवळ असला तर उधाण थोडं मोठं येतं, एवढंच. पाणी गावात शिरतं ते बहुतेक वेळा उधाणाला पावसाळी वारा आणि लाटा येऊन मिळाल्या की. आमच्याकडचे मच्छीमार मेसेज वाचून होडी काढत नाहीत, तिथी बघतात. मुंबई-अलिबागकडचा ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, सहा. भरती रोज पाऊण तास, नेमकं सांगायचं तर सुमारे ५० मिनिटं मागे पडते, कारण पृथ्वी एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र कक्षेत पुढे सरकलेला असतो.

या भरतीचं बिल चंद्र-पृथ्वी दोघांनाही लागतं. पृथ्वी वेगाने फिरते, त्यामुळे पाण्याचा फुगवटा चंद्राच्या जरा पुढे ओढला जातो आणि चंद्राला पुढे खेचतो. अपोलो मोहिमांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजलंय: चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब चाललाय. त्याला मिळणारी ऊर्जा जाते पृथ्वीच्या खात्यातून, म्हणून आपला दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतोय.