काळजी आणि पाळत

"पोचलीस का?" हा प्रश्न मला दोन पुरुषांनी विचारला आहे. शब्द तेच होते, आणि विचारण्याची वेळही बहुतेक तीच असे, म्हणजे पुण्याहून नाशिकला माहेरी निघालेली एसटी मुक्कामाला लागण्याच्या सुमारास. पहिल्या लग्नात हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असे आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा: स्टँडवरून घरी जायला एवढा वेळ का लागला, शेजारच्या सीटवर कोण होते, उतरल्यावर फोन करायचा सोडून आधी आईशी काय बोललीस. दुसऱ्या वेळी तोच प्रश्न आला तेव्हा "हो" म्हटल्यावर संभाषण तिथेच संपले, आणि मी मात्र फोन हातात धरून पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले.

छळाच्या लग्नातून बाहेर पडलेल्या आणि पुन्हा कोणावर जीव जडू लागलेल्या बाईला काळजी आणि पाळत यांतला फरक ओळखणे सर्वांत अवघड जाते, असे मला स्वतःच्या अनुभवावरून वाटते. दोन्हींची भाषा एकच असते. काळजीला तुमचे बरे-वाईट हवे असते आणि पाळतीला तुमचे जाणे-येणे. काळजी उत्तर मिळाले की निवते, पाळत मात्र उत्तर मिळाले की अधिक भुकेली होते, कारण तिला माहिती हवी असते ती तुम्ही सुखरूप आहात हे कळण्यासाठी नव्हे, तर तुम्ही हाताबाहेर गेला नाहीत याची खात्री करण्यासाठी.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. आई बाळावर लक्ष ठेवते आणि पोलीस संशयितावरही लक्षच ठेवतात. "तो तिला फार जपतो" हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो, पण माणूस आजारी आईला जपतो आणि कपाटातला दागिनाही जपतो, आणि या दोन जपण्यांत ज्याला जपले जाते त्याच्या इच्छेला असलेले स्थान अगदी वेगवेगळे असते. माझ्या पहिल्या लग्नातली पहिली दोन वर्षे सगळे नातेवाईक "किती काळजी घेतो" असेच म्हणत होते, आणि मीही म्हणत होते. तो मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडत असे आणि संध्याकाळी दारातूनच घेऊन येत असे. माझ्या एकाही सहकारी मैत्रिणीबरोबर मी त्या काळात चहा प्यायले नाही, हे मला फार नंतर लक्षात आले.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचे शहर आहे. तिथे 1980 च्या दशकात छळ सोसलेल्या स्त्रियांच्या गटचर्चांतून एक आकृती तयार झाली, जी पुढे जगभरच्या समुपदेशन केंद्रांत वापरली गेली. ती चाकासारखी आहे. मधोमध सत्ता आणि ताबा, बाहेरच्या धावेवर शारीरिक आणि लैंगिक हिंसा, आणि मध्ये आठ भाग, ज्यांत धमकावणे, एकटे पाडणे, पैशांची नाकेबंदी करणे, मुलांचा वापर करणे, झालेल्या गोष्टीला क्षुल्लक ठरवणे अशा गोष्टी येतात. मारहाण काठाला आणि बाकी सर्व आत, ही मांडणी मला फार खरी वाटते, कारण रोजचे जगणे त्या आतल्या भागांनीच व्यापलेले असते आणि मारहाण अधूनमधून ते सगळे घट्ट बांधून ठेवते. याच चाकाच्या जोडीला त्यांनी समतेचेही एक चाक काढले, ज्यात विश्वास, प्रामाणिकपणा, आर्थिक भागीदारी, वाटून घेतलेली जबाबदारी असे भाग आहेत. ही दोन चाके शेजारी ठेवून पाहिली तर ध्यानात येते की विषय दोन्हीकडे तेच आहेत: पैसा, मुले, बाहेरची माणसे, घरातले निर्णय. प्रत्येक संसारात या गोष्टी असतातच, आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट काळजीनेही हाताळता येते आणि पाळतीनेही.

आपल्याकडच्या कायद्यानेही हा फरक ओळखला आहे, आणि तो पुरेसा लोकांपर्यंत पोचलेला नाही याचे मला वाईट वाटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, आणि त्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही हिंसाचाराच्या व्याख्येत समावेश आहे. अपमान करणे, हिणवणे, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणे, स्त्रीधन परस्पर विकणे, घरखर्चाला पैसे न देणे, हे सर्व त्यात येते. फौजदारी कायद्यात 2013 साली पाठलागाचा गुन्हा आला, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. एखाद्या स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही तिच्या मागे लागून पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा त्यातला एक भाग आहे आणि ती इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक साधने कशी वापरते यावर पाळत ठेवणे हा दुसरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर 2015 च्या कायद्याने जवळच्या नात्यात सतत ताबा आणि जबरदस्ती गाजवण्याचे वर्तन हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला, मग अंगावर एकही वळ नसला तरी.

पण कायद्याची व्याख्या वाचून आलेली बाईसुद्धा प्रत्यक्ष माणसासमोर गोंधळते, आणि माझे तसेच झाले. या दुसऱ्या माणसाशी माझी ओळख होऊन आठ-नऊ महिने झाले असताना मी एकदा नाशिकला निघाले, आणि संगमनेरच्या पुढे गाडी बंद पडली. फोनची बॅटरी संपली होती. दुसरी गाडी येऊन घरी पोचेपर्यंत तीन तास उशीर झाला. भावाच्या फोनवरून त्याला फोन लावण्याआधी मी पर्समधून एसटीचे तिकीट काढून हातात घेतले, कारण त्यावर वेळ छापलेली होती. दुसऱ्या गाडीचा नंबर मी येतानाच मनात पाठ केला होता. कंडक्टर कसा दिसत होता, हेही सांगता आले असते. फोन उचलल्यावर तो म्हणाला, "जेवलीस का? आधी जेव, मग बोलू." त्याने भावाला एकदा फोन करून "ती अजून आली नाही, तुम्ही स्टँडवर चौकशी कराल का" एवढे विचारले होते, हे मला जेवताना भावाकडून कळले. त्या रात्री मी खूप रडले, आणि का रडते आहे ते भावाला सांगता येईना. हा माणूसही घाबरला होता, त्यानेही शोध घेतला होता, पण त्याच्या घाबरण्याची किंमत मला चुकवावी लागली नव्हती.

मला वाटते, दोन्हींतला फरक इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. काळजी करणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो तेव्हा तो ते ओझे स्वतः उचलतो, आणि पाळत ठेवणारा माणूस आपल्या अस्वस्थतेचे बिल समोरच्याच्या नावावर फाडतो. पहिल्या लग्नात चाळीस मिनिटांच्या उशिरासाठी मला चार दिवसांचा अबोला मिळाला होता, आणि पाचव्या दिवशी "मला किती काळजी वाटली असेल याचा विचार केलास का" या प्रश्नावर मीच माफी मागितली होती.

याची दुसरी बाजू सांगायला अवघड आहे, तरी सांगितली पाहिजे. ज्या बाईने अनेक वर्षे पाळतीत काढली, तिला पाळत नसणे हे प्रेम नसण्यासारखे वाटू शकते. सुरुवातीचे कित्येक महिने मला या माणसाच्या मनात काही आहे की नाही, याचीच शंका येत होती. मी ऑफिसातल्या पुरुष सहकाऱ्याचे कौतुक केले तरी त्याचा चेहरा बदलत नसे. मी रविवारी भेटायला जमणार नाही म्हटले तर तो "बरं, पुढच्या आठवड्यात भेटू" म्हणे आणि खरोखरच पुढच्या आठवड्यापर्यंत थांबे. भांडण नाही, मनधरणी नाही, रात्री दोन वाजता दारात येऊन उभे राहणे नाही. ज्या धडधडीला मी आयुष्यभर प्रेम समजत आले होते, ती धडधड इथे नव्हतीच, आणि म्हणून मी एकदा हे नाते संपवायलाही निघाले होते. ती धडधड भीतीची होती हे उमगायला मला समुपदेशकाकडे बरेच दिवस जावे लागले. ज्या मैत्रिणी आज या टप्प्यावर आहेत त्यांना मी एवढेच विनवीन की शांत माणूस कंटाळवाणा वाटला म्हणून त्याला लगेच निरोप देऊ नये. शरीराला शांततेची सवय व्हायला वेळ लागतो.

मग ओळखायचे कसे? गोड शब्दांवरून, भेटवस्तूंवरून, मुलांशी खेळण्यावरूनही ओळखता येत नाही, कारण या सर्व गोष्टी पाळत ठेवणाराही करतो, आणि सुरुवातीला बहुधा जास्तच करतो. तुमच्या होकाराच्या काळात दोघेही सारखेच दिसतात. तुम्ही "नाही" म्हणता तेव्हा ते वेगळे होतात. म्हणून लहानसहान गोष्टींना लवकर नाही म्हणून पाहावे, असे माझे मत आहे. लोकेशन सतत सुरू ठेवायला नाही म्हणावे. मोबाइलचा पासवर्ड द्यायला नाही म्हणावे. अमुक मैत्रीण मला सोडायची नाही, असे सांगावे. काळजी करणारा माणूस हिरमुसेल, कदाचित वादही घालेल, कारण तोही माणूस आहे, पण तुमचा नकार दुसऱ्या दिवशीही नकारच राहील. पाळत ठेवणाऱ्याच्या घरी नकाराला मुदत असते, आणि ती संपेपर्यंत तो रुसवा, आजारपण, जुन्या जखमा, "तुझ्या पहिल्याने केलं त्याची शिक्षा मला का" हे वाक्य, सारे काही वापरून पाहतो. हे शेवटचे वाक्य ऐकू आले तर फार सावध व्हावे.

लग्नाची घाई हा असाच एक प्रसंग. घटस्फोटाचा हुकूमनामा हातात येण्याआधी, किंवा आला तरी अपिलाची मुदत संपण्याआधी, "आता कशाला थांबायचं, देवळात जाऊन हार घालू" असे कोणी म्हणत असेल, तर त्याला उतावळे प्रेम समजण्याआधी त्याचे परिणाम पाहावेत. हिंदू विवाह कायद्यानुसार पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल असते आणि तो गुन्हाही ठरतो, म्हणजे घाई त्याची असली तरी उघड्यावर पडाल तुम्ही. पोटगीचेही तसेच. घटस्फोटित स्त्रीला माजी नवऱ्याकडून मिळणारी पोटगी पुनर्विवाहानंतर बंद होऊ शकते, मात्र मुलांच्या पालनपोषणाची वडिलांची जबाबदारी आईने पुन्हा लग्न केले म्हणून संपत नाही. ज्याला तुमची काळजी आहे तो या गोष्टी तुमच्याबरोबर वकिलाकडे बसून समजून घेईल, आणि पोटगी थांबल्यावर तुमच्या नावावर, तुमच्या खात्यात काय राहणार आहे हे स्वतःहून विचारेल. "मी आहे ना, तुला नोकरीची काय गरज" हे वाक्य ऐकायला उबदार असते. मी ते पहिल्या लग्नात ऐकले होते, आणि नोकरी सोडल्यानंतर रिक्षाच्या पैशांचा हिशेब वहीत लिहून दाखवत होते.

आता आपल्या स्वतःच्या पाळतीविषयी. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, असे आपल्याकडे म्हणतात आणि ते जरा हिणवूनच म्हणतात, पण फुंकल्याने ताक बिघडत नाही. त्याच्या घटस्फोटाची कागदपत्रे पाहायला मागणे, त्याच्या बहिणीला भेटणे, त्याचा राग एकदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लग्नाला हो न म्हणणे, हा सावधपणा आहे, कारण त्यातून तुम्ही स्वतःचा निर्णय घेता आणि त्याचे पाय बांधत नाही. परंतु एकदा तो आंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन उघडून त्याचे मेसेज वाचले. काहीही सापडले नाही आणि तरी मन शांत झाले नाही, उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावेसे वाटले. उत्तर मिळूनही न निवणारी ती भूक मी ओळखत होते, फक्त ती पूर्वी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिली होती. मी त्याला सांगितले. तो दुखावला, दोन दिवस कमी बोलला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्याविषयी नीट बोललो.

कधी कधी सगळी पारख करूनही चूक होते, आणि काळजी म्हणून जवळ आलेला माणूस लग्नानंतर पाळतीवर उतरतो. तेव्हा बाईला सर्वांत जास्त अडवते ती लाज, कारण "दोनदा तुझंच कसं चुकतं" हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे तिला ठाऊक असते, आणि कोणी विचारण्याआधी ती तो स्वतःलाच विचारत असते. 2005 च्या कायद्यात हे लग्न कितवे, असे कुठेही विचारलेले नाही. लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, तिच्या वतीने दुसऱ्या कोणालाही माहिती देता येते, आणि 181 ही महिला हेल्पलाइन पहिल्या वेळी जशी उचलली जाते तशीच दुसऱ्या वेळीही उचलली जाते.