लाटांपासून वीज : यंत्राचा एकच आकार का ठरला नाही

समुद्रलाटांपासून ऊर्जा मिळवण्याच्या कल्पनांची 1980 पर्यंतच जगभरात हजाराहून अधिक पेटंटे झाली होती. तरीही नव्याने यंत्र रचू पाहणाऱ्याला आजही पहिला निर्णय स्वतःच घ्यावा लागतो : यंत्र तरंगते असावे की किनाऱ्याला घट्ट बसवलेले, आणि लाटेने हवा हलवावी, तेल दाबावे की पाणी वर चढवावे. पवनचक्कीच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच मिटला. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावरची चक्की आणि डेन्मार्कमधील चक्की यांत तीन पाती, आडवा आस आणि उंच मनोरा हे सारे समान आहे. लाटांच्या यंत्रांना अशी एकवाक्यता का लाभली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी 1974 ते 1991 या काळात सापडते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पॅरिसमध्ये 1799 साली एका पितापुत्रांनी लाटांच्या बळावर पंप आणि करवती चालवण्याचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या रॉयान गावी 1910 च्या सुमारास एका गृहस्थाने लाटेने दाबल्या जाणाऱ्या हवेवर आपल्या घरापुरती वीज केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हेच तत्त्व जहाजांना दिशा दाखवणाऱ्या तरंगत्या दिव्यांसाठी वापरले गेले. ते दिवे खरोखर चालले, कारण त्यांच्याकडून फार थोड्या विजेची अपेक्षा होती.

1973 च्या तेलसंकटाने ही अपेक्षा बदलली. पुढच्याच वर्षी एडिनबरा येथील एका संशोधकाने बदकासारखे डोके हलवणाऱ्या तरंगत्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली आणि अरुंद पाणटाकीतील चाचण्यांत त्याने लाटेची सुमारे 90 टक्के ऊर्जा शोषल्याचे दिसले. अशा टाकीत लाट एकाच दिशेने आणि ठरावीक लयीत येते, खुल्या समुद्रात तसे घडत नाही, हे संशोधकांना ठाऊक होते. सरकारी फायलींत मात्र 90 हा आकडाच ठसला असावा. ब्रिटिश सरकारने कार्यक्रम हाती घेतला आणि प्रत्येक रचनेपुढे उद्दिष्ट ठेवले ते 2,000 मेगावॅटच्या केंद्राचे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत; तसे चार एकत्र धरले, तर एवढी क्षमता होते. ज्या यंत्राने अजून एका घराचाही दिवा लावला नव्हता, त्याच्याकडे शेकडो मीटर लांबीच्या रांगा उभ्या करण्याचे आराखडे मागितले गेले. डेन्मार्कमधील पवनचक्कीवाले त्याच सुमारास 22 आणि 55 किलोवॅटची यंत्रे विकत होते, मोडलेले पाते पाहून पुढचे सुधारत होते. लाटांच्या यंत्रांना मोडून शिकण्याची ही संधीच मिळाली नाही.

1982 मध्ये या कार्यक्रमाचा निधी मोठ्या प्रमाणावर कापण्याचा निर्णय झाला. कारण दिले गेले ते प्रतियुनिट खर्चाचे. ज्या यंत्रणेने हा खर्च मांडला, तिचा कारभार अणुऊर्जेच्या आस्थापनेकडे होता, आणि त्यावरून उठलेला वाद अजून शमलेला नाही. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने 2001 साली आपल्या अहवालात असे नोंदवले की, त्या बदकाच्या विजेचा खर्च मांडताना दहापटीची चूक झाली होती. निर्णय हेतुपुरस्सर होता असे म्हणण्यास हे पुरेसे नाही. पण मुळात 2,000 मेगावॅटची अट नसती, तर कागदावरच्या खर्चाला एवढे वजनही आले नसते.

अर्थात समुद्राचा स्वभाव हेही तितकेच खरे कारण आहे. लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या आणि कालावधीच्या प्रमाणात असते. दीड मीटर उंचीची, आठ सेकंदांची लाट दर मीटर रुंदीमागे साधारण 9 किलोवॅट देते. वादळातली सहा मीटर उंचीची, बारा सेकंदांची लाट सुमारे 216. म्हणजे यंत्राची कमाई पहिल्या लाटेवर आणि बांधणीचा खर्च दुसरीवर. नॉर्वेत बर्गनजवळ 1985 मध्ये उभारलेले 500 किलोवॅटचे यंत्र 1988 च्या डिसेंबरात वादळाने उद्ध्वस्त केले. पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ 2008 साली बसवलेली सापासारखी तीन तरंगती यंत्रे, एकूण 2.25 मेगावॅटची, काही महिन्यांतच काढावी लागली. त्यामागे यांत्रिक अडचणीबरोबर आर्थिक अडचणही होती.

भारताने वेगळी वाट धरली. चेन्नईतील एका तंत्रशिक्षण संस्थेच्या पुढाकाराने केरळातील विझिंजम येथे मासेमारी बंदराच्या लाटारोधक बंधाऱ्याजवळ काँक्रीटची पोकळ पेटी बसवून 1991 मध्ये 150 किलोवॅटचे यंत्र सुरू झाले. पेटीत पाणी चढले की हवा बाहेर जाते, उतरले की आत येते. हवा कोणत्याही दिशेने आली तरी टर्बाइन एकाच दिशेने फिरते. सगळे फिरते भाग पाण्याच्या वर राहतात, हा या रचनेचा मोठा गुण. स्पेनमधील मुत्रिकू येथे 2011 साली असेच 16 संच बंधाऱ्यातच बसवले गेले, त्यांची एकूण क्षमता 296 किलोवॅट आहे.

खानदेशाच्या दृष्टीने ऋतूचा मुद्दा दुर्लक्षिता येणार नाही. अरबी समुद्रात लाटा जोरात असतात त्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत, आणि आपल्या पठारांवरच्या पवनचक्क्याही तेव्हाच भरात असतात. रब्बीला आणि उन्हाळ्यात रावेर-यावलच्या केळीला पाणी देण्यासाठी कृषिपंप चालतात, त्या काळात दोन्ही मंदावलेल्या असतात. त्यामुळे लाटांची वीज पवनऊर्जेची उणीव भरून काढील, हा युक्तिवाद पश्चिम किनाऱ्यापुरता तरी टिकत नाही.

केंद्र सरकारने 2019 मध्ये सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. 2022 च्या नोव्हेंबरात तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर, वीस मीटर खोल पाण्यात, एका तरंगत्या यंत्राची चाचणी झाली. त्याची क्षमता होती 100 वॅट.