खनिज-स्फटिक नमुने, विदर्भातील संग्राह्य

खडकातील पोकळीत किंवा फटीत नैसर्गिक रीत्या वाढलेले, पृष्ठे व कडा शाबूत असलेले आणि न कापता, न घासता जसेच्या तसे जतन केले जाणारे खनिजांचे स्फटिक. ते अंगावर घालत नाहीत वा धातूसाठी भट्टीतही टाकत नाहीत. आकार, रंग, चकाकी व दुर्मिळता यांसाठीच त्यांची खरेदी-विक्री होते. रत्नाचे मोल पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या हाताने वाढते. संग्राह्य नमुन्याचे मोल तो खडकातून किती अभंग निघाला आणि नेमका कोठे निघाला, या दोन गोष्टींवर ठरते. विदर्भातील नमुन्यांच्या बाबतीत दुसऱ्या गोष्टीची फार हेळसांड झाली आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत स्थाननामांना अधिक जागा दिली आहे.

आढळ : भूवैज्ञानिक दृष्ट्या विदर्भाचे दोन भाग पडतात आणि त्यांची सीमा ढोबळमानाने नागपूरजवळून जाते. पश्चिमेकडील बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ हे जिल्हे व वर्ध्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचा, म्हणजे थरांवर थर थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचा आहे. त्याचे वय सु. 6.6 कोटी वर्षे मानतात. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर येथे त्याहून कितीतरी जुने रूपांतरित व इतर खडक उघडे पडलेले आहेत. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टाची आहे, पण तेथून रामटेककडे निघाले की मनसरपर्यंत पायाखालचा खडक पूर्णपणे बदललेला असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात गाळाचा थर जाड असल्याने दगडखाणी नाहीत आणि अर्थातच नमुनेही नाहीत.

पश्चिम विदर्भात स्फटिक बाहेर येतात ते विहिरीच्या, रस्त्याच्या व कालव्याच्या खोदकामातून आणि मुख्यतः गिट्टीच्या खदानींतून. (पुण्या-नाशिककडची खडी ती इकडे गिट्टी, नागपुरातील गिट्टीखदान या वस्तीने तो शब्द जपला आहे.) गिट्टीला भरीव, टणक बेसाल्ट लागतो. लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे राहून गेलेला सच्छिद्र थर भार पेलत नाही, त्यामुळे तो बाजूला ढिगाऱ्यात टाकतात. आणि स्फटिक असतात ते नेमके त्याच थरात. बोलीभाषेत पांढऱ्या चमकदार दगडाला सरसकट ‘गार’ वा ‘गारगोटी’ म्हणतात, मग ते क्वॉर्ट्झ असो, कॅल्साइट असो वा झिओलाइट (संरचनेत पाणी धरून ठेवणारे सिलिकेट खनिज). संग्राहकाच्या दृष्टीने मात्र या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बेसाल्टातील स्फटिक : यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट, लोमोंटाइट ही झिओलाइटे आणि त्यांच्या सोबतीने ॲपोफिलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्झ व कॅल्सेडोनी (अकीकाच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिकांचे क्वॉर्ट्झ) आढळतात. ॲपोफिलाइट विक्रीत झिओलाइटांबरोबर मांडले जाते, पण ते झिओलाइट नव्हे. त्याच्या संरचनेत सिलिकेटाचे पातळ थर असतात आणि त्या थरांना समांतर ते सहज तडकते. त्यामुळे त्याचे टोक मोत्यासारखे चमकते व बाजू काचेसारख्या दिसतात. नमुना हातात फिरवला की दोन प्रकारची चकाकी एकाच स्फटिकावर दिसते, आणि ओळखीची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. हिरव्या ॲपोफिलाइटाचा रंग व्हॅनेडियममुळे येतो. स्टिल्बाइटाचे स्फटिक मध्ये आवळलेले व दोन्ही टोकांना पसरलेले असतात; शेतात उभी करून ठेवलेली ज्वारीची पेंढी ज्याने पाहिली आहे त्याला हा आकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्कोलेसाइटाच्या सुया एका बिंदूतून चोहीकडे फुटतात व बोट लागताच मोडतात.

‘झिओलाइट’ हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’ असा होतो, कारण तापवल्यावर या खनिजांतील पाणी फसफसून बाहेर पडते.

उत्पत्तीविषयीची मते : पोकळ्या कधी भरल्या, याविषयी एकमत नाही. जुन्या मताप्रमाणे लाव्हा थिजत असतानाच त्यातील व लगतच्या गरम पाण्याने बेसाल्टातील काचेचा अंश विरघळवला आणि थंड होता होता पोकळ्यांत झिओलाइटे साचली. म्हणजे स्फटिकांचे वय जवळपास लाव्ह्याइतकेच. दुसऱ्या मतानुसार थरांवर थर साचून जो भार व उष्णता निर्माण झाली, तिच्यामुळे खोलीप्रमाणे वेगवेगळ्या झिओलाइटांचे पट्टे तयार झाले. पश्चिम महाराष्ट्रात असे पट्टे आखण्याचे प्रयत्न झाले आहेत. अलीकडे ॲपोफिलाइटाच्या किरणोत्सारी कालमापनातून मिळालेली काही वये लाव्ह्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी आहेत आणि ती एकाहून अधिक टप्प्यांची निदर्शक आहेत. एकाच पोकळीत आधी कॅल्सेडोनीचे अस्तर, त्यावर ह्यूलँडाइट, त्यावर स्टिल्बाइट आणि शेवटी ॲपोफिलाइट असा क्रम वारंवार दिसतो. हे सारे एकाच थंड होण्याच्या प्रक्रियेत घडले असे मानण्यापेक्षा खडकातून पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ही कालमापने प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील नमुन्यांवर आधारलेली आहेत. वऱ्हाडात बेसाल्टाची एकूण जाडी सह्याद्रीपेक्षा बरीच कमी असल्याने तेथील निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावणे धोक्याचे आहे.

मँगॅनीज पट्टा : नागपूर-भंडारा पट्ट्यातील खनिजे संग्राहकांना कमी परिचित आहेत. खनिजशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान झिओलाइटांपेक्षा वरचे आहे, कारण येथील गावांतून नवी खनिज-नामे जगाला मिळाली. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव (जि. नागपूर) आणि डोंगरी बुजुर्ग, चिखला (जि. भंडारा) येथे मँगॅनिजाच्या खाणी आहेत, 1962 मध्ये स्थापन झालेल्या मॉइल या शासकीय कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. येथील निक्षेपांचा मूलभूत अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मोर यांनी केला व तो 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेसर्टाइन गार्नेट व क्वॉर्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते आजही जगभर वापरात आहे.

फर्मोर यांनी दिलेली खनिजांची नावे मात्र सर्व टिकली नाहीत, आणि विक्रीच्या चिठ्ठ्यांवर ती अजून दिसत असल्याने येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. बेलडोंगरीच्या काळ्या, जड, पोलादी चकाकीच्या व लोहचुंबकाला घट्ट चिकटणाऱ्या धातुकाला त्यांनी सहकारी भूवैज्ञानिक अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटले. पुढे त्याचे चकाकी दिलेले छेद सूक्ष्मदर्शकाखाली परावर्तित प्रकाशात तपासले, तेव्हा एका खनिजाऐवजी दोन दिसली : जॅकोबसाइट व हौसमनाइट ही मँगॅनिजाची ऑक्साइडे, एकमेकांत पातळ पट्ट्यांनी गुंफलेली. उच्च तापमानाला एकजीव असलेला पदार्थ निवताना दुभंगल्याची ती खूण होय. चुंबकाला चिकटतो तो जॅकोबसाइटाचा अंश. त्यामुळे व्रेडेनबर्गाइट हे स्वतंत्र खनिज आता मानत नाहीत. सध्या मध्य प्रदेशात असलेल्या सीतापारवरून दिलेले ‘सीतापाराइट’ हे बिक्सबाइटच असल्याचे ठरले. ‘ब्लॅनफर्डाइट’ हे मँगॅनीजयुक्त पायरोक्सीन (सिलिकेट खनिजांचा एक गट); ध्रुवित प्रकाशात फिरवले की ते गुलाबी-जांभळे व निळे दिसते. तेही आज केवळ एक प्रकार समजले जाते. त्याचे मूळ ठिकाण इंग्रजी ग्रंथांत ‘कचरवाही’ असे छापलेले आढळते. ते रामटेक तालुक्यातील काचुरवाही असावे. नाव रद्द झाले म्हणून नमुन्याचे महत्त्व कमी होत नाही. उलट बेलडोंगरीचा व्रेडेनबर्गाइट हा ज्या ठिकाणी ते नाव जन्मले तेथला असल्याने संग्रहालयांच्या दृष्टीने तो अनमोल आहे. फक्त चिठ्ठीवर ‘जॅकोबसाइट व हौसमनाइट’ असे लिहून जुने नाव त्याखाली द्यावे.

काळ्या शिरांचे गुलाबी ऱ्होडोनाइट व नारिंगी-तपकिरी स्पेसर्टाइन ही या पट्ट्यातील देखणी खनिजे होत. भंडारा जिल्ह्यातील कायनाइटाच्या निळ्या पात्यांवर पोलादी टोकाने लांबीच्या दिशेने चरा उमटतो, पण आडवा उमटत नाही; एकाच स्फटिकाची कठिनता दिशेप्रमाणे बदलते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे फ्ल्युओराइट आहे.

प्राचीन वापर : नागपूरजवळील माहुरझरी येथे अकीक, कार्नेलियन (तांबूस कॅल्सेडोनी) व गारेचे मणी घडवण्याचे केंद्र होते. उत्खननांत शिळावर्तुळांबरोबरच (दगडांच्या वर्तुळांनी वेढलेली प्राचीन दफने) पूर्ण व अर्धवट मणी मिळाले आहेत. शिळावर्तुळांचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात धरतात. मणी-उद्योग त्यानंतर वाकाटक काळापर्यंत चालू असावा. कच्चा माल बाहेरून आणल्याचा तर्क केला जातो, परंतु जवळच्या बेसाल्टात व नद्यांच्या वाळूगोट्यांत अकीक विपुल असताना तो सर्वस्वी बाहेरचा मानण्याची गरज दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख आइन-इ-अकबरीत ‘बिरागढ’ या नावाने येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ‘वेणातट’ हे हिऱ्यांचे ठिकाण म्हणजे वैनगंगेचा काठ, असे काही अभ्यासक मानतात. कृष्णा-वेण्णा हा पर्यायही पुढे आलेला आहे.

विक्री व ओळख : नमुने फर्दापूरच्या अजिंठा-वाटेवरील फेरीवाल्यांपासून अमेरिकेतील टक्सन येथील वार्षिक खनिज-मेळ्यापर्यंत पोहोचतात. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय महाराष्ट्रातील नमुन्यांसाठी प्रसिद्ध आहे. परदेशांतील जुन्या संग्रहांत ‘पूना’ किंवा नुसते ‘दख्खन’ एवढीच चिठ्ठी असलेले नमुने पुष्कळ आहेत, आणि ज्या शहरात माल विकला गेला त्याचेच नाव मूळ ठिकाण म्हणून रूढ होण्याची सवय अजून गेलेली नाही. वऱ्हाडातील एखाद्या शिवारातून निघालेला दगड दोन हात बदलले की ‘जळगाव’चा होतो, आणि एकदा सुटलेले गाव पुन्हा जोडता येत नाही, रासायनिक विश्लेषणाने खनिज कळते, खदान कळत नाही. प्रस्तुत नोंदकाराने एका शेतघरात पाहिलेला स्टिल्बाइटाचा नमुना सरकीसकट कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता, आणि आत वहीच्या कागदावर विहिरीचा गट क्रमांक, खोली व महिना लिहिलेला होता. कोणत्याही शोरूममधील छापील चिठ्ठीपेक्षा तो कागद अधिक मोलाचा आहे.

भेसळीचे नेहमीचे प्रकार म्हणजे रंगवलेले अकीक, धातूचा बाष्प-मुलामा दिलेले इंद्रधनुषी क्वॉर्ट्झ, भाजून पिवळा केलेला ॲमेथिस्ट (जांभळे क्वॉर्ट्झ) आणि तुटलेले स्फटिक गोंदाने दुसऱ्या दगडावर बसवणे. भिंगातून पाहिल्यास रंग भेगांत साकळलेला व सांध्यावर गोंद तकाकताना दिसतो. कॅल्साइटावर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे येतात. ही चाचणी विकाऊ नमुन्याच्या मागच्या बाजूलाच करावी. गंजाचे डाग काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण स्कोलेसाइटासारखी झिओलाइटे त्यात विरघळून चिकट लगदा होतो.

जतनाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक लोमोंटाइट. खदानीतून ओले निघाले तेव्हा ते पारदर्शक असते. कोरड्या हवेत त्यातील पाणी उडते, ते पांढरे पडते आणि शेवटी पीठ होते. विदर्भातील एप्रिल-मेच्या हवेत उघड्यावर ठेवलेला नमुना वाचण्याची आशा धरू नये. तो ओलसर कापडासह हवाबंद बरणीत ठेवतात. ॲमेथिस्ट उन्हात ठेवल्यास फिका पडतो.

कायदा : 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने अकीक, कॅल्साइट, क्वॉर्ट्झ इ. 31 खनिजे गौण खनिजांत घातली. त्यांपैकी क्वॉर्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक व बराइट ही 2025 मध्ये पुन्हा प्रमुख खनिजांत गेली. खाणपट्ट्यातील दगड पट्टेधारकाच्या हक्काचा असतो. लोणार सरोवर हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, अभयारण्य व 2020 पासून रामसर पाणथळ स्थळ आहे. तेथून काहीही उचलता येत नाही. पूर्वी मात्र त्याच्या काठावरून क्षार रीतसर काढून विकले जात, आणि त्यांच्या प्रतींना डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. सरोवराच्या तळगाळात गेल्युसाइटाचे (सोडियम व कॅल्शियमचे पाणीयुक्त कार्बोनेट) स्फटिक मिळाले आहेत, पण तेही कोरड्या हवेत टिकत नाहीत.